कान्हेरीला जायचे, पण कधी?

आपल्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. महाबळेश्वर, गोव्याचे किनारे, म्हैसूरचा राजवाडा, आग्र्याचा ताजमहाल यांपैकी एखादे तरी ठिकाण किती जणांनी पाहिले आहे? बरेच हात वर होतील. आता दुसरा प्रश्न विचारा. कान्हेरीची लेणी किती जणांनी पाहिली आहेत? शाळा बोरिवलीची असली, तरी या वेळी हात कमी झाले तर नवल वाटून घेऊ नका. मग तिसरा प्रश्न विचारा. ज्यांनी कान्हेरी पाहिली नाही, त्यांच्यापैकी किती जणांना ती पाहायची आहे? पुन्हा भराभर हात वर होतील!

हे मोठे गमतीचे कोडे आहे. जे करायला आपल्याला आवडत नाही ते आपण पुढे ढकलतो, हे समजण्यासारखे आहे. गणिताचा गृहपाठ, दप्तराची आवराआवर, दाताच्या डॉक्टरांकडे जाणे, ही कामे नकोशीच असतात. पण जे करायची आपल्याला मनापासून इच्छा आहे, ज्यात आनंदच आहे, तेही आपण का पुढे ढकलतो? पेटी शिकायची असते, तिकिटांचा संग्रह नीट लावायचा असतो, गच्चीवर जाऊन एकदा सगळी नक्षत्रे ओळखायची असतात, गावच्या मामाला लांबलचक पत्र लिहायचे असते. वर्ष सरते आणि यातले काहीच झालेले नसते.

काखेत कळसा

प्रथम कान्हेरी किती जवळ आहे ते पाहू. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला, चालत जाण्याच्या अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. तेथून आत सहा-सात किलोमीटरवर, काळ्या खडकाच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी खोदलेली आहेत. 'कृष्णगिरी' म्हणजे काळा डोंगर. त्यावरूनच 'कान्हेरी' हे नाव आले. येथे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू राहू लागले आणि पुढे सुमारे हजार वर्षे हे ठिकाण नांदते राहिले. उंच खांबांचा चैत्य, ध्यानासाठी खोदलेल्या लहान खोल्या, ब्राह्मी लिपीतील लेख, हे सारे तेथे आहे. पावसाचे पाणी पन्हळींतून टाक्यांत साठवण्याची तेथील योजना तर आजच्या इंजिनिअरने वही घेऊन पाहावी अशी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी येथे येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत कोरलेली आपली नावेसुद्धा तेथे वाचता येतात.

अंधेरीकरांची गोष्टही वेगळी नाही. महाकाली केव्हज रोडवरून हजारो लोक रोज कामाला जातात. पण त्या रस्त्याला ज्या लेण्यांचे नाव आहे ती किती जणांनी पाहिली असतील? अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या बेसाल्टचा सुमारे साठ मीटर उंचीचा सुळका उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होताना असे उभे खांब तयार झाले. असे दृश्य पाहायला लोक अमेरिकेत 'डेव्हिल्स टॉवर'पर्यंत जातात. आपल्या गिल्बर्ट हिलला मात्र चोहोबाजूंनी इमारतींचा वेढा पडला आहे आणि ती अमुक गल्लीच्या टोकाला आहे हे शेजारच्यालाही सांगता येत नाही. जोगेश्वरीची लेणी, बोरिवलीचे मंडपेश्वर यांचीही हीच कथा. मुलुंडच्या गच्चीवरून पश्चिमेला जे हिरवे डोंगर दिसतात ते याच राष्ट्रीय उद्यानाचे. पण त्या डोंगरांत काय आहे हे पाहायला जायचे म्हटले की, 'जाऊ कधीतरी!'

अंतर हे काही कारण नव्हे. २०१४ सालापासून घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोने चटकन जाता येते. पैसा हेही कारण नव्हे. प्रवासाचा आणि तिकिटाचा खर्च महाबळेश्वरच्या सहलीच्या मानाने अगदी किरकोळ. मग अडते कोठे?

हा आळस आहे काय?

'मुले आळशी झाली आहेत,' असे उत्तर वडीलधाऱ्यांकडून लगेच मिळेल. पण जरा विचार करा. रविवारी क्रिकेटची मॅच असेल, तर हाच मुलगा पहाटे पाचला उठून मैदानावर हजर असतो. त्याचे वडील रोज सकाळी आठ-सतराची लोकल पकडतात. पाऊस असो, सर्दी असो, ते आठ-दहाला फलाटावर असतात. यांना आळशी कसे म्हणायचे?

आळशी माणसाला काही करायचेच नसते. चालढकल करणाऱ्याला मात्र करायचे असते, करता येण्यासारखे असते, न केल्याची रुखरुखही लागते आणि तरीही तो 'उद्या' म्हणतो. म्हणून मानसशास्त्रज्ञ चालढकलीचा आळसापासून वेगळा अभ्यास करतात. त्यांनी केलेल्या काही प्रयोगांकडे आता वळू.

कबुतराची निवड

अमेरिकेतील हॉवर्ड रॅखलिन आणि लिओनार्ड ग्रीन या दोन शास्त्रज्ञांनी १९७२ साली कबुतरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरासमोर दोन बटणे ठेवली. एकावर चोच मारली की लगेच दाणे मिळत, पण दोनच सेकंद. दुसऱ्यावर चोच मारली की चार सेकंद थांबावे लागे, मग मात्र चार सेकंद दाणे मिळत. शहाणपणा कशात होता? थोडे थांबून दुप्पट खाण्यात. पण कबुतरे थांबत नसत. समोरचे थोडे दाणेच ती पसंत करीत.

मग शास्त्रज्ञांनी एक बदल केला. निवड आधी करायची आणि दोन्ही बक्षिसे आणखी काही सेकंदांनी मिळायची. म्हणजे लहान बक्षीसही आता ताबडतोब मिळणार नव्हते. हा विलंब पुरेसा वाढवल्याबरोबर कबुतरांची पसंती बदलली! आता ती मोठ्या बक्षिसाची वाट निवडू लागली.

आता कबुतराच्या जागी स्वतःला ठेवा. बुधवारी तुम्ही ठरवता, 'रविवारी सकाळी सहाला उठून कान्हेरीला जायचे.' त्या वेळी रविवारची साखरझोप आणि रविवारची लेणी ही दोन्ही सारखीच दूर असतात. दुरून पाहिले की लेण्यांचा आनंद मोठा दिसतो. पण रविवारी सहाचा गजर होतो तेव्हा काय होते? झोप आता अगदी कुशीत असते आणि लेणी तीन तासांच्या अंतरावर. जवळची लहान वस्तू दूरच्या मोठ्या वस्तूला झाकते. डोळ्यांपुढे धरलेले एक रुपयाचे नाणे सूर्यालाही झाकते, तसेच हे आहे. बुधवारचा निश्चय खोटा नव्हता, पण रविवारची पसंती वेगळी होती.

आनंदाच्या गोष्टीतही आधी थोडे कष्ट असतात, ही महत्त्वाची बाब येथे ध्यानात घ्या. लवकर उठणे, डबा करणे, बस शोधणे हे आधी. आनंद नंतर. म्हणून 'आवडीचे काम' असूनही त्याचा आरंभ नावडीच्या कामासारखाच वाटतो.

पुढचा महिना नेहमी मोकळा!

दुसरे कारण आपल्या हिशेबात आहे. पुढील संवाद कोणत्याही घरात ऐकू येईल.

'आई, या रविवारी कान्हेरीला जाऊ या ना!'

'या रविवारी नको रे. आत्याकडे साखरपुडा आहे, बाबांना जरा कणकण आहे. पुढच्या महिन्यात जाऊ, निवांत.'

पुढच्या महिन्यात निवांतपणा कोठून येणार? त्याही महिन्यात कोणाचा तरी साखरपुडा असेल, कोणाला तरी ताप येईल, पाहुणे येतील, चाचणी परीक्षा असेल. पण ही कामे आज दिसत नाहीत. म्हणून पुढच्या महिन्याचे पान आपल्याला कोरे दिसते. गाल झाउबरमन आणि जॉन लिंच या संशोधकांनी २००५ साली हेच दाखवून दिले. आजच्यापेक्षा पुढे आपल्याला अधिक फुरसत असेल, असे लोकांना वाटते. विशेष म्हणजे, पैशाच्या बाबतीत लोक एवढी चूक करीत नाहीत. पुढच्या महिन्यात पगार दुप्पट होईल असे कोणी धरून चालत नाही. पण वेळ मात्र दुप्पट होईल असे सारेच धरून चालतात!

ज्या गाडीला सुटायची वेळ नसते

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. ते समजण्यासाठी आठ-सतराच्या लोकलकडे परत जाऊ. वडील ती रोज का पकडतात? त्यांना ती फार आवडते म्हणून नव्हे. ती थांबणार नाही म्हणून. आठ-सतरा झाले की ती सुटते. तिच्यासाठी 'आत्ता' आणि 'नंतर' यांत फरक आहे. कान्हेरी मात्र दोन हजार वर्षे त्याच जागी उभी आहे. ती आज आहे, उद्याही असणार. मग आजच का जावे? या प्रश्नाला आजच्या दिवशी उत्तर नसते आणि उद्याच्या दिवशीही नसते. असा प्रत्येक दिवस 'आज नको'चा ठरतो आणि सगळ्या 'आज नको'ची बेरीज होते 'कधीच नाही'!

सुझॅन शू आणि आयलेट गनीझी या दोन संशोधक स्त्रियांनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास करून तो २०१० साली प्रसिद्ध केला. शिकागो, लंडन, डॅलस अशा शहरांत त्यांनी चौकशी केली. दोन आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्यांनी जेवढी प्रेक्षणीय स्थळे पाहिली होती, तेवढी त्या शहरात वर्षभर राहिलेल्यांनीही पाहिली नव्हती. मग रहिवासी ती स्थळे पाहत तरी केव्हा? एक तर बाहेरगावचे पाहुणे घरी आले की त्यांना दाखवण्याच्या निमित्ताने, नाही तर गाव सोडून जायची वेळ आली की शेवटच्या दिवसांत, घाईघाईने. हे वाचून तुम्हाला आपल्या घरी आलेले नागपूरचे किंवा कोल्हापूरचे पाहुणे आठवले असतील. राणीचा बाग आणि गेटवे ऑफ इंडिया आपण त्यांच्याबरोबरच पाहतो, नाही का?

याच अभ्यासातला दुसरा प्रयोग तर फारच सोपा होता. काही विद्यार्थ्यांना खाऊच्या दुकानाची भेटकूपने फुकट दिली. निम्म्या कूपनांची मुदत तीन आठवडे होती, निम्म्यांची दोन महिने. आपण कूपन वापरू याची खात्री लोकांना लांब मुदतीबाबत अधिक वाटली. तसे वाटणे स्वाभाविकच आहे. जास्त दिवस म्हणजे जास्त संधी. पण प्रत्यक्षात काय झाले? तीन आठवड्यांची कूपने शेकडा ३१ जणांनी वापरली आणि दोन महिन्यांची शेकडा अवघ्या ६ जणांनी. वेळ अधिक दिला, तर खाऊसुद्धा खायचा राहून गेला!

निसर्गाने लावलेली मुदत

आपल्याच राष्ट्रीय उद्यानात निसर्गाने असे एक मुदतीचे कूपन ठेवले आहे. त्याचे नाव कारवी. डोंगरउतारावर वाढणारे हे झुडूप. त्याच्या काड्यांना माती लिंपून कुडाच्या भिंती करतात. कारवी दरवर्षी फुलत नाही. सात वर्षे ती नुसती वाढत राहते आणि आठव्या वर्षी, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, उतारच्या उतार जांभळ्या फुलांनी भरून जातात. मधमाश्यांची झुंबड उडते. मग बी धरून ती झुडपे मरून जातात. उद्यानात असा बहर २००८ साली आला, २०१६ साली आला आणि २०२४ साली आला. एखाददुसरे झुडूप मागेपुढे फुलते, पण हिशेबाने पुढचा मोठा बहर २०३२ सालचा.

कारवी फुलली की वर्तमानपत्रांत बातम्या येतात आणि एरवी उद्यानाकडे न फिरकणारे लोकही डोंगराची वाट धरतात. त्याच वाटेवरची लेणी तशीच राहतात. का? कारवी सांगते, 'आत्ता नाही तर आठ वर्षांनी.' लेणी काहीच सांगत नाहीत.

पण जे नेहमी असते ते खरोखरच नेहमी असते का? उद्यानातील 'वनराणी' ही लहान मुलांची गाडी कित्येक वर्षे धावत होती. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात तिच्या मार्गाचे नुकसान झाले आणि पुढे काही वर्षे ती बंदच राहिली. जी मुले 'पुढच्या सुट्टीत बसू' म्हणत होती ती मधल्या काळात मोठी झाली. त्याच्या आधी, मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे सारे उद्यानच महिनोन्महिने बंद झाले होते. उद्याचा दिवस मोकळा असेल, एवढेच नव्हे तर उद्याचे दार उघडे असेल, हेही आपण धरूनच चालतो.

माणसांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. अंधेरीत पूर्वी भातशेती होती, मुलुंडच्या विहिरी कशा होत्या, गिरणीचा भोंगा किती वाजता होई, हे ज्यांनी पाहिले ते आजी-आजोबा आपल्या घरातच असतात. एकदा वही घेऊन त्यांच्याजवळ बसायचे, त्यांच्या आठवणी टिपून घ्यायच्या, असे आपण ठरवतो. रोज ते दिसतात, म्हणून रोज राहून जाते. कारवी आपला सन सांगून ठेवते. आजी-आजोबा सांगून ठेवत नाहीत.

यावर उपाय काय?

रोग कळला की उपाय सुचतो. ज्या गोष्टीला मुदत नाही तिला आपणच मुदत लावायची.

अशी स्वतः लावलेली मुदत उपयोगी पडते का? डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना तीन लेखांतील चुका शोधण्याचे काम दिले. एका गटाला दर आठवड्याला एक लेख द्यायचा होता. दुसऱ्या गटाने आपल्या तारखा आपणच ठरवायच्या होत्या. तिसऱ्या गटाला तिन्ही लेख अगदी शेवटच्या दिवशी दिले तरी चालणार होते. सर्वांत जास्त चुका पहिल्या गटाने शोधल्या, सर्वांत कमी तिसऱ्याने. स्वतः तारखा ठरवणारे मध्ये राहिले. म्हणजे बाहेरून आलेली मुदत उत्तम, पण आपली आपण लावलेली मुदतही, मुदतच नसण्यापेक्षा पुष्कळ बरी.

नुसती तारीखही पुरत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकारी व्हेरोनिका ब्रांडस्टेटर यांनी नाताळच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना एक छोटा अहवाल लिहून पाठवायला सांगितले. निम्म्यांना त्यांनी एक जादा गोष्ट करायला लावली. हा अहवाल आपण नेमका केव्हा आणि कोठे बसून लिहिणार, ते आधीच लिहून द्यायचे. एवढ्याने केवढा फरक पडला! ज्यांनी वेळ आणि जागा ठरवली होती त्यांच्यापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी अहवाल वेळेवर लिहिला. इतरांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांनीच. तेव्हा 'एकदा कान्हेरीला जाऊ' हे वाक्य वहीतून खोडून टाका. त्याऐवजी लिहा, 'दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला तिकीटखिडकीजवळ भेटायचे. मी, माझा मित्र आणि त्याचे काका.' मित्र तेथे उभा असणार हे ठाऊक असले की गजर बंद करून झोपणे अवघड जाते. कान्हेरीला आता आठ-सतराची वेळ मिळाली!

आणि इतके करूनही एखादे वेळी राहून गेले तर? स्वतःला दूषणे देत बसू नका. कॅनडातील मायकेल वोल, टिमथी पायचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० साली विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. अपराधी वाटू लागले की त्या कामाची आठवणही नको होते आणि काम आणखी लांबणीवर पडते. त्यापेक्षा पुढची तारीख लिहावी हे उत्तम.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने वर्गात हा प्रयोग करता येईल. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन सारखे गट करा. दोन्ही गटांना एकच आनंदाचे काम द्या. उदाहरणार्थ, आपल्या घराजवळचे एखादे जुने देऊळ, विहीर, तलाव किंवा लेणे घरच्या मोठ्या माणसाबरोबर पाहून त्याचे चित्र काढणे. पहिल्या गटाला सांगा, 'येत्या सोमवारपर्यंत.' दुसऱ्या गटाला सांगा, 'दोन महिन्यांत केव्हाही.' आपण काम पुरे करू असे किती जणांना वाटते ते आधीच लिहून घ्या. दोन महिन्यांनी दोन्ही गटांची चित्रे मोजा आणि आलेख काढा. गटांत मुले थोडी असतील तर निकाल योगायोगाने उलटाही येऊ शकेल. म्हणून शेजारच्या वर्गालाही सामील करून घ्या. जो निकाल येईल तोच लिहा.

कान्हेरीला जाणार असाल तर एवढे लक्षात ठेवा. उद्यान सोमवारी बंद असते. ते बिबट्यांचे घर आहे, तेव्हा मोठ्यांच्या सोबतीनेच जा आणि पायवाट सोडून रानात शिरू नका. लेण्यांच्या भिंतींवर आपले नाव कोरू नका. त्या पारशी प्रवाशांचे लेख आज इतिहासाचे साधन आहेत, आपले खरडणे मात्र निव्वळ विद्रूपीकरण ठरेल.

आता वहीच्या शेवटच्या पानावर एक छोटे गणित करा. २०३२ साली, कारवी पुन्हा फुलेल तेव्हा, तुमचे वय किती असेल? तुम्ही कोठे शिकत किंवा काम करीत असाल? कदाचित बोरिवलीत नसालही. त्या गणिताखाली, ज्या गोष्टी करायची तुम्हाला मनापासून इच्छा आहे त्यांतली एक लिहा आणि तिच्यापुढे वार, वेळ आणि जागा लिहा.